संस्थान : दक्षिण कोकणातील एका राजशब्दाची घडण

राजाच्या अमलाखालील प्रदेशाला मराठीत एकच एक नाव नाही. राज्य, मुलूख, दौलत, गादी, संस्थान असे अनेक शब्द जुन्या कागदपत्रांत शेजारी शेजारी येतात आणि वरवर पाहता ते एकमेकांच्या जागी चालण्यासारखे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी गेल्यास प्रत्येकाने सत्तेचे वेगळे अंग पकडलेले दिसते. ‘राज्य’ या शब्दात राजाचे कर्म आहे, ‘मुलूख’ या अरबी शब्दात मालकी आहे, ‘दौलत’ या शब्दात फिरणारे दैव आहे, तर ‘संस्थान’ या शब्दात यांपैकी काहीच नाही. त्यात आहे ते फक्त बसणे, स्थिर होणे, ठाण मांडणे. जमिनीचा किंवा सीमेचा किंचितही उल्लेख नसलेला हा शब्द पुढे नकाशावर रंगवल्या जाणाऱ्या, तहांनी आखल्या गेलेल्या प्रदेशाचे नाव कसा झाला, हा प्रश्न दक्षिण कोकणाच्या संदर्भात विशेष अर्थपूर्ण ठरतो, कारण तेथे हा शब्द राजाने आणि देवाने शतकानुशतके वाटून घेतलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील, कर्ली नदीच्या काठावरचे वालावल हे गाव या दोन्ही अर्थांच्या सांध्यावर उभे आहे: एका बाजूला ते सावंतवाडी संस्थानाच्या कुडाळ महालाच्या परिसरात मोडत होते आणि दुसऱ्या बाजूला तळ्याकाठच्या लक्ष्मीनारायणामुळे ते स्वतःच एका देवाचे आसन होते.

संस्कृतात ‘स्था’ या धातूला ‘सम्’ हा उपसर्ग लागून ‘संस्थान’ शब्द सिद्ध होतो आणि एकत्र राहणे, नीट मांडलेले असणे, रचना, आकृती असे त्याचे जुने अर्थ आहेत. जैन ग्रंथांत शरीराच्या ठेवणीला संस्थान म्हणतात व तिचे सहा प्रकार सांगतात. वैद्यकातील माधवनिदानात रोगाच्या प्रकट रूपाला जे पर्यायी शब्द दिले आहेत त्यांत संस्थान हाही एक आहे. त्याच धातूपासून आलेला ‘संस्था’ शब्द कौटिल्याने बाजारव्यवस्थेसाठी वापरला आणि तिच्यावरील अधिकाऱ्याला संस्थाध्यक्ष म्हटले. या सगळ्या वापरांत एक धागा समान आहे, तो असा की विखुरलेल्या गोष्टी एका ठिकाणी, एका ठरलेल्या क्रमाने स्थिर झाल्या म्हणजे संस्थान होते. राजाच्या प्रदेशाला हा शब्द प्राचीन संस्कृतात रूढ नव्हता. कौटिल्याच्या सप्तांग कल्पनेत स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र ही राज्याची सात अंगे असून भूप्रदेश आणि त्यावरील लोक यांना मिळून ‘जनपद’ हे नाव आहे. म्हणजे प्रदेश हे राज्याचे सातांतील एक अंग, संपूर्ण राज्य नव्हे. पुढच्या काळात राज्य म्हणजेच जमीन असा जो समज झाला, त्याला या कल्पनेत आधार सापडत नाही.

वालावलच्या अगदी शेजारच्या नेरूर गावी बदामीच्या चालुक्यांचे अनेक ताम्रपट सापडले, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत या भागाकडे राजसत्ता कोणत्या शब्दांतून पाहत होती, हे त्यांतून कळते. मंगलेशाच्या ताम्रपटात कोकण हा एक ‘विषय’ आहे, तर विजयादित्याच्या इसवी सन ७०० मधील दानपत्रात खुद्द नेरूर गाव ‘इरिडिगे विषया’त असल्याचे नमूद आहे. विषय म्हणजे कारभाराच्या सोयीसाठी पाडलेला भाग, आजच्या जिल्ह्याशी जुळणारा. दानपत्राची भाषा लक्षपूर्वक वाचली तर राजा जमीन देतो असे म्हणण्यापेक्षा जमिनीवरचे आपले हक्क देतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल: गावाचे उत्पन्न कोणी घ्यावे, राजसेवकांनी तेथे शिरावे की नाही, पुढच्या राजांनी हे दान पाळावे, एवढ्याच गोष्टींची तेथे तजवीज असते. खारेपाटण येथे सापडलेल्या दक्षिण कोकणच्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ च्या ताम्रपटात हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते, कारण तेथे देवाच्या पूजेअर्चेसाठी आणि त्याच्याशी संबंधित तपस्व्यांसाठी गावांबरोबरच परदेशातून येणाऱ्या गलबतांवरील सोन्याच्या नाण्यांचा करही तोडून दिलेला आहे. बंदरातून येणाऱ्या उत्पन्नात देव राजाच्या बरोबरीचा भागीदार झाला, तोही समुद्राची एक टीचभर जमीन न घेता. देवाच्या संस्थानाचे बीज या प्रकारच्या दानात आहे. शब्द अजून त्या अर्थाने आलेला नसला तरी वस्तू आलेली होती.

मध्ययुगात या परिसराचे नाव ‘कुडाळ देश’ असे रूढ झाले. येथे ‘देश’ याचा अर्थ घाटावरचा प्रदेश असा नाही आणि आजचे राष्ट्रही नाही. एका कसब्याभोवतीच्या, एका वतनदार घराण्याच्या अधिकारातील गावांचा समूह म्हणजे देश, आणि त्यावरचा परंपरागत महसुली अधिकारी तो देसाई. घाटावरचा देशमुख आणि कोकण-कर्नाटकातला देसाई हे एकाच पदाचे दोन अवतार होत. कुडाळच्या देसकीचा मान प्रभू घराण्याकडे होता आणि आदिलशाहीच्या अमलातही तो चालू राहिला. कुडाळदेशकर ब्राह्मण ज्ञातीने या देशाचे नाव आपल्या ओळखीतच कोरून ठेवले. वालावलचा लक्ष्मीनारायण हा त्यांच्यातील अनेक कुळांचा कुलदेव, आणि वेंगुर्ले तालुक्यातील दाभोली येथील मठ ही त्यांची धर्मपीठाची जागा. कुडाळ देश या नावाचा कोणताही राजकीय घटक आज अस्तित्वात नाही, त्याची देसकी बुडाली, त्याचा प्रांत झाला, मग महाल, मग तालुका. पण मुंबईत किंवा बेळगावात जन्मलेला माणूस स्वतःला कुडाळदेशकर म्हणवतो तेव्हा तो चारशे वर्षांपूर्वीच्या एका महसुली घटकाचेच नाव सांगत असतो. सत्तेच्या नकाशापेक्षा ज्ञातीची आठवण टिकाऊ असते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोकणात शोधूनही मिळणे कठीण आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास सावंत घराण्यातील लखम सावंतांनी कुडाळच्या प्रभूंची सत्ता मोडून सरदेसाई म्हणून दक्षिण कोकणात आपला जम बसवला. सरदेसाई म्हणजे अनेक देसायांवरचा देसाई. त्याला वसुलातला हिस्सा, इनामाची गावे आणि मानपान मिळत, पण तत्त्वतः तो राजा नव्हे, कोणा तरी राजाचा वतनदार. हे तत्त्व आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर होते, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात फार मार्मिकपणे मांडले आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना वतनदार म्हणायचे एवढेच, वस्तुतः ते राज्याचे दायाद म्हणजे भाऊबंदांसारखे वाटेकरी आहेत, असे त्या ग्रंथाचे निरीक्षण आहे. सावंतांचा इतिहास म्हणजे या निरीक्षणाचे चालते उदाहरण होय: त्यांनी आदिलशाही, शिवाजी महाराज, पोर्तुगीज, मोगल आणि शाहू छत्रपती यांच्याशी प्रसंगाप्रमाणे कधी चाकरीचे, कधी तहाचे, कधी लढाईचे संबंध ठेवले आणि प्रत्येक वेळी वरचा धनी बदलला तरी खालचे वतन हातचे जाऊ दिले नाही.

शिवाजी महाराजांच्या काळात कुडाळ हा स्वराज्याचा दक्षिणेकडील किनारी प्रांत झाला. राज्याची हद्द तेव्हा कशी ओळखली जात असे, याचे उत्तम उदाहरण महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेल्या मिठाच्या पत्रात मिळते. पोर्तुगीजांच्या बारदेशातील स्वस्त मीठ घाटमाथ्यावर जाऊ लागल्याने आपल्या बंदरांतील मिठाला गिऱ्हाईक राहणार नाही, म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, असा त्या पत्राचा आशय आहे. बैलांच्या तांड्याला जेथे जकात द्यावी लागे, तेथे राज्याची कड जाणवे. सीमा ही ओढलेली रेघ नसून जकातीचे नाके होते. पुढे १७१९ मध्ये मोगल बादशहाकडून शाहू छत्रपतींना ज्या सनदा मिळाल्या, त्यांत ‘स्वराज्य’ हा शब्द याच व्यवहारी अर्थाने येतो: थोरल्या महाराजांच्या निधनसमयी त्यांच्याकडे असलेले परगणे ते स्वराज्य, आणि त्याबाहेरच्या मुलखावर चौथाई व सरदेशमुखी. त्या याद्यांत कोकणच्या परगण्यांबरोबर कुडाळचे नाव आहे. विसाव्या शतकात ज्या शब्दाने जनतेला पेटवले, तो अठराव्या शतकातील हिशेबनिसाच्या दृष्टीने महसुलाचे एक सदर होता, ही बाब त्या शब्दाचे मोल कमी करत नाही; उलट स्वातंत्र्याच्या कल्पनेला गावांच्या आणि वसुलाच्या याद्यांचा भक्कम आधार होता, हेच त्यातून दिसते.

याच काळात एक महाल दोन धन्यांत वाटला जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट होती. शाहू छत्रपतींनी दुसऱ्या खेम सावंतांकडे त्यांचा प्रदेश कायम केला तेव्हा साळशी महालाच्या निम्म्या उत्पन्नाचा हक्क सावंत आणि कुलाब्याचे आंग्रे यांच्याकडे मिळून दिला. अर्धा महाल म्हणजे नदीच्या अलीकडचा भाग असे नव्हे, तर प्रत्येक शेताच्या धाऱ्यातील अर्धा वाटा. अशा व्यवस्थेत ‘हा प्रदेश कोणाचा’ असा सरळ प्रश्न विचारता येत नसे. कोणाचा कोणता हक्क, एवढेच विचारता येई. म्हणूनच त्या काळच्या मराठीत प्रदेशवाचक शब्दांपेक्षा आसनवाचक शब्द अधिक नेमके होते. साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी असे म्हटले की कोणाला नकाशा काढावा लागत नसे. गादी कोठे आहे हे निश्चित होते, तिचा हात कोठवर पोचतो हे दरवर्षी बदलत असे. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन छत्रपतींमधील हद्द ठरली खरी, पण दोन्ही राज्यांची ओळख तहातील नद्यांवरून न राहता गादीच्या गावावरूनच राहिली.

‘दौलत’ शब्दाची गोष्ट याच्या उलट. अरबीतील मूळ धातूचा अर्थ फिरणे, पाळी येणे. सत्तेचे चक्र फिरून एखाद्या घराण्याकडे आले की ती त्याची पाळी, त्यावरून घराण्याची राजवट, आणि फार्सीमार्गे मराठीत येईतो राज्य आणि संपत्ती असे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. पेशवाईच्या पत्रव्यवहारात शिंद्यांची दौलत, होळकरांची दौलत असे सर्रास लिहिले जाई. देवाच्या मालमत्तेला मात्र सहसा दौलत म्हटले गेले नाही. जे फिरून जाणारे, ते देवाचे कसे असेल? देवाला साजेसा शब्द स्थैर्याचा हवा होता, तो संस्थान हा मिळाला.

चिंचवडच्या मोरया गोसावींच्या वंशाकडील देवस्थानाला इनाम गावे मिळत गेली आणि ते ‘संस्थान चिंचवड’ झाले. समर्थ संप्रदायाची चाफळ व सज्जनगड येथील व्यवस्था संस्थान म्हणूनच नांदली. परंतु या शब्दाच्या मूळ अर्थाची खरी कसोटी लागली ती वालावलच्या दक्षिणेस, गोव्यात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी आणि बारदेश या भागांत देवळे पाडण्यास सुरुवात केली तेव्हा १५६० च्या दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी नदी ओलांडून अंत्रूज महालात नेले, जो तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. देवळाची जमीन मागे राहिली, तळी राहिली, कुळागरे राहिली. देव गेला आणि त्याच्याबरोबर पुजारी, महाजन, मानकरी आणि उत्सवाचा क्रम गेला. प्रियोळ आणि कवळे येथे देवांची पुन्हा स्थापना झाली, तेथील व्यवस्था संस्थान म्हणून नावारूपास आली आणि आजही त्याच नावाने चालते. म्हणजे संस्थान आपली सारी भूमी गमावूनही संस्थान राहू शकते, फक्त आसन आणि आसनाभोवती जमलेली माणसे यांची सांगड तुटता कामा नये. कोणत्याही राजाच्या राज्याबद्दल असे म्हणता आले नसते. रोमन कॅथलिक पंथात पोपच्या सार्वभौम अधिकाराला जे अधिकृत नाव आहे, त्यातील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही आसन असाच आहे, आणि १८७० मध्ये पोपच्या ताब्यातील सगळा मुलूख इटलीने घेतल्यावरही ती सत्ता इतर राष्ट्रांशी वकिलाती ठेवून होती. दोन्हीकडचे साम्य शब्दाच्या पातळीवर थांबत नाही.

दक्षिण कोकणच्या गावांत देव हा अलंकारिक अर्थाने राजा नाही. तेथील ‘गावऱ्हाटी’ म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने चालणारी गावाची जुनी शासनव्यवस्था असून तिच्यात कोणत्या कुळाचा कोणता मान, कोणाच्या हातून कोणते कार्य, वाद झाल्यास कौल कोणी लावायचा, हे सारे ठरलेले असते. या व्यवस्थेतील प्रमुख कुळांच्या समूहाला ‘बारा-पाच’ म्हणतात, आणि गावाच्या देवस्थानांत ज्या स्थळाकडे अधिकार मानला जातो त्याला ‘राजसत्ता’ हेच नाव आहे. गाऱ्हाणे घालताना, म्हणजे देवापुढे सामुदायिक विनंती मांडताना, गावकर किंवा गुरव देवाला महाराजा म्हणून हाक मारतो, गावाची स्थळे, चाळे, पूर्वज यांची नावे घेत जातो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले लोक एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हा होकार भक्ताचा आहे, तसाच दरबारातील प्रजेचाही. शब्दांचा हा ताळमेळ वास्तूतही उतरलेला आहे. गोव्यापासून मालवणापर्यंतच्या देवळांभोवतीच्या फरसबंद, चारी बाजूंनी वेढलेल्या अंगणाला ‘राजांगण’ म्हणतात. सभामंडपात सभा भरते, नगारखान्यात चौघडा झडतो, आणि पालखी निघते तेव्हा तिच्या पुढे निशाण व मशाल, तिच्यावर छत्र, बाजूला अबदागीर आणि चौरी असा सगळा राजाचा सरंजाम असतो. पालखी ज्या वाटेने गावात फिरते ती वाट बदलता येत नाही, कोणत्या घरापुढे ती थांबते हेही बदलता येत नाही, कारण थांबणे हा त्या घराचा मान असतो आणि एखाद्या कुळाचा मान काढून घेणे म्हणजे त्या गावच्या दृष्टीने वतन काढून घेण्याइतके गंभीर असते. राज्य म्हणजे हक्कांचा आणि मानांचा गुंता, हे जे दानपत्रांतून आणि अर्ध्या महालाच्या सनदांतून दिसते, ते येथे डोळ्यांसमोर चालताना पाहता येते. या अर्थाने वालावलसारख्या गावातील देवाचे संस्थान ही राजाच्या संस्थानाची नक्कल नव्हे; दोन्ही एकाच साच्यातून निघाली आहेत, आणि देवाचे नमुने बहुधा अधिक जुने आहेत.

राजाने आपले राज्य देवाच्या आसनाला जोडून घेणे भारतात इतरत्रही घडले. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये आपले राज्य पद्मनाभाला अर्पण करून स्वतः त्याचा दास म्हणून कारभार केला, आणि मेवाडचे महाराणे स्वतःला एकलिंगजीचे दिवाण मानत. सावंतांनी असा विधी केला नाही. त्यांची वाट सनदेची होती. १७६३ मध्ये तिसऱ्या खेम सावंतांचा विवाह जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी झाला आणि शिंद्यांच्या वजनामुळे पुढे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजे बहाद्दर’ हा किताब त्यांना मिळाला. सरदेसाई आता राजे झाले. कोल्हापूरकरांना हे सहन न होऊन दोन्ही घराण्यांत दीर्घ काळ युद्ध चालले, यावरून एका किताबाने किती गोष्टी हलत असत याची कल्पना येते. वतनाचे राज्य होण्यास लढाईइतकीच अशा शब्दांची गरज होती.

‘संस्थान’ हा शब्द राजाच्या प्रदेशाला पक्का चिकटला तो इंग्रजी अमलात. कंपनी सरकारपुढे अडचण अशी होती की ज्यांचे राज्य खालसा केले नाही आणि ज्यांना स्वतंत्र राजेही मानायचे नाही, अशा शेकडो सत्ताधीशांना एका नावाखाली आणायचे होते. ‘खालसा’ म्हणजे सरकारने थेट आपल्या वहिवाटीत घेतलेला मुलूख. जे खालसा नाही, त्याला मराठीत संस्थान हे नाव बसले आणि त्याच्या धन्याला संस्थानिक. तेलुगू मुलखातील निजामाच्या मांडलिकांना, गदवाल-वनपर्तीसारख्यांना, हाच शब्द लागला. म्हैसूरला कन्नडमध्ये संस्थानच म्हणत. उत्तरेत त्या जागी ‘रियासत’ आली. आणि मलयाळममध्ये तर आज भारतीय संघराज्यातील घटकराज्यालाही संस्थान हाच शब्द आहे. मराठीची निवड मात्र मार्मिक होती. ज्याचे सैन्य, परराष्ट्रव्यवहार आणि युद्धतहाचे अधिकार काढून घेतले आहेत, पण ज्याची गादी, वाडा, दसऱ्याचा दरबार आणि मानपान शाबूत आहेत, अशा राजाजवळ खरोखर आसनच उरलेले होते. नावेही आसनाच्या गावावरून पडली: औंध, भोर, जत, सांगली, जव्हार. सावंतवाडीच्या बाबतीत तर वाडीने, म्हणजे एका वस्तीने, सुमारे ९२५ चौरस मैलांच्या प्रदेशाला आपले नाव दिले.

संस्थानाला पहिल्यांदाच रेघेसारखी हद्द मिळाली तीही याच वेळी, आणि ती रेघ वालावलजवळून गेली. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले होतेच. १८१९ च्या तहाने सावंतवाडीने इंग्रजांचे वर्चस्व मान्य केले आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा समुद्रकिनारा सोडून दिला. मालवण आधीच कोल्हापूरकरांकडून इंग्रजांना मिळाले होते. अशा रीतीने कर्लीच्या पलीकडे मालवण तालुक्याचा खालसा मुलूख, खाली मुखाशी इंग्रजांचा किनारा, आणि आत कुडाळ महाल संस्थानात, अशी रचना झाली. ज्या नदीतून तोपर्यंत होड्या निर्वेध जात, तिचे दोन काठ दोन कायद्यांखाली आले. एका काठावरचा स्टॅंप, कोर्ट, अबकारी दुसऱ्या काठावर चालेना. १८३८ मध्ये अव्यवस्थेचे कारण देऊन इंग्रजांनी संस्थानाचा कारभारही आपल्या अधिकाऱ्याकडे घेतला आणि १८४४-४५ मधील मनोहरगड व परिसरातील उठाव मोडून काढला, तरी संस्थान खालसा केले नाही. याउलट देवाच्या संस्थानाला ही रेघ कधी लागूच पडली नाही: कुलदेवाला येणारी कुळे नदीच्या दोन्ही तीरांवर, पोर्तुगीज गोव्यात, घाटावर आणि मुंबईच्या चाळींत विखुरलेली होती आणि देवाला लागणारा नारळ, तेल, अभिषेकाची वर्गणी यांसाठी कोणत्या सरकारची प्रजा हे विचारले जात नव्हते.

विसाव्या शतकात शब्दाला नवी धार आली. १९२१ मध्ये दक्षिणी संस्थान हितवर्धक सभा स्थापन झाली, १९२७ मध्ये देशी संस्थानांतील प्रजेची अखिल भारतीय परिषद उभी राहिली, आणि ‘संस्थानी प्रजा’ हा शब्दप्रयोग हक्क नसलेल्या माणसाचे वर्णन म्हणून रूढ झाला. सावंतवाडीला या काळात पंचम खेमराज ऊर्फ बापूसाहेब महाराज यांच्यासारखा प्रजेला जीव लावणारा राजा लाभला. १९२४ ते १९३७ या त्यांच्या राजवटीला कोकणात अजून रामराज्य म्हणतात, आणि लोकांनी हा शब्द वापरताना प्रदेशाच्या विस्ताराचा नव्हे तर न्यायाचा विचार केला, हे नोंदवण्यासारखे आहे. पण चांगला राजा हा पद्धतीला पर्याय नसतो. १९४८ मध्ये सावंतवाडी मुंबई प्रांतात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाली, कर्लीचे दोन्ही काठ पुन्हा एका कायद्याखाली आले, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. संस्थानिकांचे तनखे आणि किताब १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपले. राजाच्या अर्थाने संस्थान हा शब्द त्यानंतर इतिहासाच्या पुस्तकात गेला. वर्तमानपत्रांत तो अधूनमधून येतो तो साखर कारखाने किंवा शिक्षणसंस्था पिढ्यानपिढ्या हाती ठेवणाऱ्यांवर टीका म्हणून, आणि तेथेही आशय तोच आहे: न हलणारी बैठक.

देवाचे संस्थान मात्र कायद्यातही उरले. सावंतवाडी संस्थानाच्या देखरेखीतील देवस्थाने कोल्हापुरात कार्यालय असलेल्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आली, आणि १९५० च्या दशकात वैयक्तिक इनामे व वतने एकामागून एक रद्द करणाऱ्या कायद्यांनी देवस्थान इनामांना वगळले. देव ही विधिमान्य व्यक्ती असून ती सदैव अज्ञान समजली जाते, त्यामुळे तिच्या वतीने कोणी तरी वहिवाट करावी लागते पण मालकी तिचीच राहते, हे तत्त्व न्यायालयांनी कायम ठेवले. सावंतांच्या सरदेसकीचा आज कोणत्याही महसुली दप्तरात अंमल नाही, कुडाळच्या प्रभूंच्या देसकीचा तर त्याआधी तीनशे वर्षांपासून नाही. परंतु देवस्थानच्या जमिनीचा सातबारा उतारा काढला तर त्यावर ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ अशी नोंद असते, कब्जेदाराच्या रकान्यात देवाचे नाव असते, आणि त्याखाली ‘वहिवाटदार’ म्हणून माणसांची नावे येतात, जी दर पिढीला फेरफाराने बदलत जातात.